टाकीतले पाणी का उसळते?

उन्हाळ्यात विहीर आटली की गावात टँकर सुरू होतो. ट्रॅक्टरमागे लोखंडी टाकी जोडायची आणि दूरच्या विहिरीवरून पाणी आणायचे. कोणी बैलगाडीत पिंप ठेवून पाणी आणतो. पंढरीला निघालेल्या दिंडीबरोबरही पाण्याचा टँकर असतो. २०१६ साली तर लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले.

असे दुरून आणलेले पाणी वाटेत सांडले, तर जीव हळहळतो. पण कधी कधी नुसते पाणी सांडून भागत नाही. टाकीसकट गाडीच उलटते आणि माणसे दगावतात. असे का होते बरे?

घरीच करून पाहा

प्लॅस्टिकच्या दोन सारख्या बाटल्या घ्या. एक काठोकाठ भरा, दुसरी अर्धी भरा. दोन्हींची बुचे घट्ट लावा. आता एकेक बाटली आडवी धरा, पुढे ढकला आणि एकदम थांबवा. भरलेल्या बाटलीत पाणी गप्प राहते. अर्ध्या बाटलीत ते धावत पुढे जाते, आपटते आणि मागे फिरते. हाताला त्याचा हिसका बसतो.

टँकरमध्ये हेच होते. गाडी थांबली तरी आतले पाणी लगेच थांबत नाही. ते पुढे धावते. गाडी डावीकडे वळली की पाणी उजवीकडे चढते. चढावर ते मागे जाते, उतारावर पुढे येते. टाकी पूर्ण भरलेली असेल, तर पाण्याला हलायला जागाच नसते. अर्ध्या टाकीत मात्र त्याला मोकळे रान मिळते.

पाणी जड असते

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. ५,००० लिटरची टाकी अर्धी भरली, तर आत २,५०० किलो पाणी असते. म्हणजे २५ क्विंटल. शंभर किलोची २५ पोती गाडीत न बांधता ठेवली आणि वळणावर ती सगळी एका अंगाला घसरली, तर काय होईल? गाडी कलंडेल. अर्ध्या टाकीतले पाणी म्हणजे अशीच न बांधलेली पोती समजा.

बैलगाडीचे तुम्हाला ठाऊक आहेच. ओझे मागे गेले की गाडी उलाळते आणि जू वर उचलले जाते. दोन चाकांच्या टँकरचेही तसेच आहे. चढावर पाणी मागे गेले की ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचा भार कमी होतो. मग चाके जमीन नीट धरत नाहीत.

खरा घोटाळा पुढेच आहे. भरलेला टँकर जड म्हणून चालक जपून हाकतो. एका वाडीवर अर्धे पाणी दिले की त्याला वाटते, ओझे उतरले. मग तो वेग वाढवतो. पण धोका तिथूनच सुरू होतो, बरे का!

उपाय काय?

डोक्यावरून घागर आणणाऱ्या काही बायका पाण्यावर झाडाचे पान किंवा डहाळी टाकतात. पाणी हिंदकळायला लागले की त्याला आडकाठी होते. म्हणून ते कमी उसळते.

टाकीतही अशीच आडकाठी करतात. आत आडवे पत्रे उभे करून जोडतात. त्यांना मोठी भोके ठेवतात. पाणी भोकांतून हळूहळू जाते, पण लाट एकदम धावू शकत नाही. नवी टाकी करून घेताना आत असे पडदे आहेत ना, हे विचारा. मात्र हे पडदे पुढे-मागे धावणारे पाणी अडवतात. वळणावर बाजूला चढणारे पाणी त्यांनी थांबत नाही. तिथे वेग कमी करणे हाच उपाय.

पाणी वाया जाऊ नये म्हणून

टाकीचे पोट पूर्ण भरावे, पण झाकणाखालच्या गळ्यात पाणी येऊ देऊ नये. गळ्यापर्यंत भरले, तर पहिल्याच खड्ड्यात ते बाहेर पडते.

टाकी भरायला किती वेळ लागेल, याचा हिशेब आधी करा. २०० लिटरचे पिंप एका मिनिटात भरत असेल, तर ५,००० लिटरला २५ मिनिटे लागतील. वेळ झाली की माणूस पंपाजवळ हजर हवा.

झाकण घट्ट लावा, पण हवेची नळी बुजवू नका. पाणी बाहेर जाताना तेवढी हवा आत यावी लागते. ती आली नाही, तर पाणी अडखळत येते आणि टाकीचा पत्राही आत दबू शकतो.

पिंपात नळी बुडवून तिचे दुसरे टोक खाली लोंबत सोडू नका. नळीतून रॉकेल कसे ओढून काढतात, ते तुम्ही पाहिले असेल. नळी एकदा पाण्याने भरली की पाणी आपोआप खाली वाहत राहते. तुम्ही घरी पोचेपर्यंत पिंप रिकामे!

हे लक्षात ठेवा

१. टाकी भरलेली न्या किंवा रिकामी न्या. जमेल तर एका खेपेचे सगळे पाणी एकाच वाडीवर उतरवा.

२. अर्धी टाकी न्यावीच लागली, तर भरलेल्या टाकीपेक्षाही हळू चला. वळण येण्याआधीच वेग कमी करा. एकदम ब्रेक दाबू नका.

३. बैलगाडीत दोन पिंपे अर्धी अर्धी भरू नका. एकच भरा, ते आसाच्या वर मधोमध ठेवा आणि दोराने बांधा.

४. टाकीवर किंवा जोडदांड्यावर कोणालाही बसू देऊ नका. पोरांना तर मुळीच नाही.

पाणी दहा मिनिटे उशिरा आले तरी चालेल. पाणी आणणारा माणूस सुखरूप घरी आला पाहिजे.