फोटोचे नाव कुठे लिहायचे?

कसबा पेठेत कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याला विषयांची वाण नाही. तांबट आळीत हंड्याला मठार देणारा हात, मानाच्या पहिल्या गणपतीची पालखी, कुंभारवाड्यातल्या पणत्यांच्या राशी, एखाद्या वाड्याचा रस्त्यावर झुकलेला लाकडी सज्जा. यांतला सज्जा पुढच्या दिवाळीला जागेवर असेलच याची खात्री नाही. वाडा उतरवला जातो, पत्रे लागतात, इमारत उभी राहते आणि तिला जुन्या वाड्याचे नाव मिळतेच असेही नाही. मग उरतो तो फोटो. तो कुठल्या आळीतला, कुठल्या साली काढलेला, चौकटीतली माणसे कोण, हे कळत नसेल तर तो महाराष्ट्रातल्या कुठल्याही वाड्याचा फोटो होतो.

हौशी छायाचित्रकारांच्या गप्पांत ‘कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?’ हा प्रश्न हमखास येतो. तो बहुधा संपादनाबद्दल असतो: सावल्या कशात चांगल्या उघडतात, आकाश कशात निळे होते. माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. आधी विचारायचे ते हे, की फोटोबद्दल आपण जे लिहू ते हे सॉफ्टवेअर कुठे ठेवते?

जुन्या स्टुडिओची आठवण केली तर मुद्दा लगेच समजतो. तिथे दोन कामे वेगळी चालत. डार्करूममध्ये फोटो धुतला जाई, निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग होई. दुसरे काम वहीचे. निगेटिव्हच्या पाकिटावर क्रमांक आणि रजिस्टरमध्ये त्या क्रमांकापुढे गिऱ्हाइकाचे नाव व तारीख. रजिस्टर हरवले की कपाटभर निगेटिव्ह मुकी होत. ज्या स्टुडिओत पाकिटावरच नाव-गाव लिहायची सवय होती, तिथे रजिस्टर गेले तरी फारसे बिघडत नसे.

आजची सॉफ्टवेअरेही याच दोन जातींची आहेत. काही सगळी माहिती आपल्या रजिस्टरात, म्हणजे डेटाबेसमध्ये ठेवतात. काही ती फोटोच्या फायलीत किंवा शेजारच्या छोट्या जोडफायलीत लिहितात. या जोडफायलीचे सर्वमान्य रूप म्हणजे ‘एक्सएमपी’. ते ॲडोबीने २००१ मध्ये आणले आणि २०१२ पासून ते आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. डिजिटल युगातले पाकीट ते हेच.

रजिस्टर हरवण्याची भीती काल्पनिक नाही. गूगलचे पिकासा फुकट होते, सोपे होते, घरोघरी होते. मार्च २०१६ मध्ये त्याची संगणकावरची आवृत्ती बंद झाली. त्यात केलेले बदल आणि पुष्कळशी माहिती प्रत्येक फोल्डरमधल्या लपलेल्या फायलीत असे, आणि ती वाचणारी सॉफ्टवेअरे मोजकीच. ॲपलने २००५ साली व्यावसायिकांसाठी आणलेले ॲपर्चर थांबवण्याची घोषणा २०१४ मध्ये केली. गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ रोजी संपली. तिथून आपला संग्रह उतरवून घेतला तर लिहिलेली वर्णने फोटोबरोबर वेगळ्या ‘जेसन’ फायलींत येतात. माहिती मिळते खरी, पण ती पुन्हा जोडत बसावी लागते.

आता निवडीकडे. ॲडोबीचे लाइटरूम २००७ मध्ये आले आणि त्याने रजिस्टर व डार्करूम एका छताखाली आणली. आज त्याची लाइटरूम क्लासिक ही आवृत्ती मासिक किंवा वार्षिक वर्गणीवर मिळते. वर्गणी थांबली तर फोटो पाहता येतात, बाहेरही काढता येतात. फक्त मुख्य संपादनाचा कक्ष बंद होतो. मूळ फायलीला ते हात लावत नाही. ‘इतका उजेड वाढव, इथे काप’ अशा सूचना तेवढ्या कॅटलॉगमध्ये नोंदवते. हा कॅटलॉग म्हणजेच रजिस्टर. सूचना आणि फोटोओळी एक्सएमपीमध्ये आपोआप लिहिण्याची सोय त्यात आहे, पण ती मुळात बंद असते. सेटिंग्जमध्ये जाऊन सुरू करावी लागते. सुरू केल्यावरही एक खोच राहते. फोटोओळ, कीवर्ड, तारे हे पाकिटावर जातात, पण ‘कलेक्शन’ या नावाने केलेले गट जात नाहीत. ‘विसर्जन २०२४’ असे कलेक्शन करून थांबलात तर ती जुळवणी फक्त कॅटलॉगमध्ये राहील. तोच मजकूर कीवर्ड म्हणूनही टाकावा.

फुकट आणि मुक्त स्रोताच्या पर्यायांत नोंदींसाठी डिजिकॅम आणि रॉ फायलींच्या संपादनासाठी डार्कटेबल ही जोडी मला सर्वांत भरवशाची वाटते. डार्कटेबल प्रत्येक फोटोशेजारी एक्सएमपी जोडफाईल स्वतःहून तयार करते. डिजिकॅम चेहरे ओळखते, नकाशावर फोटो दाखवते, आणि फायलीत काय लिहायचे हे आपल्याला ठरवू देते. दोन्ही शिकायला वेळ लागतो. महिन्याला दोन लग्ने करणाऱ्या व्यावसायिकाला तो वेळ परवडणार नाही; त्याने लाइटरूम घ्यावे आणि ती एक सेटिंग चालू करावी. पेठेची नोंद ठेवू पाहणाऱ्या हौशी माणसाकडे मात्र पैशापेक्षा वेळ जास्त असतो, असे गृहीत धरायला हरकत नाही.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. एका सॉफ्टवेअरने केलेले रंग-उजेडाचे हिशेब दुसऱ्याला जसेच्या तसे कळत नाहीत, मग ते एक्सएमपीत असोत वा नसोत. म्हणून पसंत पडलेल्या, पूर्ण झालेल्या फोटोची टिफ किंवा उत्तम दर्जाची जेपेग प्रत काढून मूळ रॉ फायलीजवळ ठेवावी.

मराठीत लिहिणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. पूर्वी मराठी टंकलेखन बहुतेक ठिकाणी पुण्याच्याच श्री-लिपीसारख्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये चाले. तो मजकूर ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तिथे अगम्य चिन्हांचा दिसतो. तेव्हा फोटोओळ युनिकोडमध्येच लिहावी. पण युनिकोडही पुरत नाही. वृत्तसंस्थांसाठी केलेल्या आयपीटीसीच्या जुन्या नोंदपद्धतीत एका कीवर्डला ६४ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजीत ती ६४ अक्षरांची होते. देवनागरीत प्रत्येक वर्ण, काना आणि मात्रा यांना तीन-तीन बाइट लागतात. ‘कसबा गणपती विसर्जन मिरवणूक’ या साध्या शब्दांचे ७२ बाइट होतात! मर्यादा काटेकोर पाळणारे सॉफ्टवेअर शेवटचा शब्द मध्येच तोडेल. एक्सएमपीत अशी मर्यादा नाही. म्हणून माहिती एक्सएमपीत जाते आहे ना हे पाहावे आणि कीवर्ड सुटे ठेवावेत: ‘कसबा गणपती’ वेगळा, ‘विसर्जन’ वेगळा.

स्थळाचे काम जीपीएसवर सोपवू नये. फोनमधला नकाशा फार तर ‘कसबा पेठ, पुणे’ म्हणेल. व्यवहार आळी, पवळे चौक, साततोटी चौक ही नावे आपणच लिहायची, आणि एकाच रीतीने. एकदा ‘तांबट आळी’, एकदा ‘तांबटआळी’ असे केले तर शोधताना अर्धे फोटो सापडत नाहीत. तारखेचेही तसेच. गणेशोत्सव इंग्रजी कॅलेंडरात दरवर्षी सरकतो, म्हणून ‘गणेशोत्सव’ आणि वर्ष हे कीवर्ड हवेतच. फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की तो आक्रसतो आणि कॅमेऱ्याने केलेल्या नोंदीही गळून पडतात. द्यायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

जागेचा हिशेब सोपा आहे. रॉ फाईल सरासरी ३० एमबीची धरली, तर मिरवणुकीचे दोन हजार फोटो म्हणजे ६० जीबी. इतक्या संग्रहाची एकच प्रत ठेवणे कसब्यात तरी कुणी करू नये. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा मुठेकाठच्या पेठांत घरोघरी पाणी शिरले, आणि कागदपत्रांबरोबर भिंतीवरच्या तसबिरी आणि ट्रंकेतले फोटोही गेले. जाणकार तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी असे सांगतात. ती दुसऱ्या ठिकाणची प्रत नदीपासून लांब, कोथरूडच्या किंवा नाशिकच्या नातेवाइकांकडे ठेवता येते. प्रतीत एक्सएमपी जोडफायली आल्या आहेत ना, हे तपासावे. नुसत्या रॉ फायली कॉपी करून त्या मागे राहण्याचे प्रकार फार होतात.

सॉफ्टवेअर घेण्याआधी, किंवा असलेले पारखायला, एक परीक्षा घ्यावी. वीस फोटो निवडावेत. प्रत्येकाला मराठीत फोटोओळ द्यावी: ‘तांबट आळी, कसबा पेठ. बंबाला मठार देताना. मागे दिसणारा वाडा पुढच्या वर्षी उतरवला.’ दोन-तीन कीवर्ड द्यावेत, तारे द्यावेत. मग ते फोल्डर पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्याच्या संगणकावर, वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावे आणि ‘बंब’ हा शब्द शोधावा. फोटो पुढे आला, ओळ नीट वाचता आली, तर संपादनाची तुलना खुशाल सुरू करावी. एका संध्याकाळचे काम आहे.