केसपेपरच्या खिडकीमागे

— द्वितीय वर्ष, कला

डॉक्टर आणि परिचारिका यांच्या सेवेविषयी वार्षिकांकांतून पुष्कळ लिहिले जाते. दवाखान्यातील लिपिकाविषयी मात्र कोणी लिहीत नाही. लिहिलेच तर खिडकीवरचा माणूस कसा वसकन अंगावर आला, एवढेच. माझी थोरली बहीण एका सरकारी रुग्णालयात ज्येष्ठांच्या बाह्यरुग्ण विभागात कंत्राटी लिपिक आहे. अकरा महिन्यांचा करार, मग पुन्हा अर्ज. बारावी आणि टायपिंग झाल्यावर ताईने शिक्षण सोडले, म्हणून आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिली. तिचे काम जवळून पाहते, ते काय असते हे सांगावे असे वाटले.

वृद्धांच्या दुखण्याचे शास्त्र वेगळे मानण्याची कल्पना फार जुनी नाही. 'जेरियाट्रिक्स' हा शब्द नाशर या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९०९ साली रूढ केला. आपल्या देशात मद्रासच्या सरकारी रुग्णालयात १९७८ साली वृद्धांसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग निघाला, आणि २०१०-११ पासून केंद्राच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांपर्यंत ही सोय पोहोचू लागली.

इंग्लंडमध्ये अशा विभागात 'मेडिकल सेक्रेटरी' असते. तज्ज्ञ डॉक्टर तपासणीनंतर मजकूर सांगतात, ती टंकलिखित करते आणि पत्र रुग्णाच्या घरच्या डॉक्टरांकडे जाते. आपल्याकडे असे पत्र क्वचितच जाते. केसपेपर हेच ते पत्र, आणि ते नेणारा पोस्टमन म्हणजे स्वतः रुग्ण! ताईच्या संगणकात नाव, गाव, नोंदणी क्रमांक एवढेच असते. डॉक्टरांनी हाताने लिहिलेले सारे त्या कागदावर, आणि तो कागद आजीच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, तंबाखूच्या डबीशेजारी. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचे शुल्कही माफ झाले. गरिबाला ही मोठीच सवलत. पण तिचा एक परिणाम असा, की जुना कागद हरवला तर कोणी शोधत बसत नाही. नवा फुकट मिळतो. मागच्या दोन वर्षांचे रक्तदाबाचे आकडे मात्र त्या जुन्या कागदाबरोबर जातात. म्हणून 'नवीन काढा' असे कोणी म्हटले की ताई आधी पिशवी उलटी करायला लावते. रांगेतले लोक चिडतात, ते साहजिकही आहे.

सर्वांत अवघड प्रश्न वयाचा. त्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी ती सोयीने घातली. ज्या शाळेतच गेल्या नाहीत त्यांचे वय कार्ड काढणाऱ्याने अंदाजाने टाकलेले. आमच्या सातारा भागात ताई भूकंपावरून हिशेब करते. एक आजी म्हणाल्या, "भुईकंप झाला तवा माझं लगीन होऊन वरीस झालं हुतं." कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. लग्नात सोळा-सतराच्या धरल्या, तरी आज पंचाहत्तरीच्या घरात. आधार कार्डावर वय अडुसष्ट! हा फरक कागदी नाही. सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेचा लाभ २०२४ पासून मिळतो, एस.टी.चा मोफत प्रवास पंचाहत्तरीनंतर. कार्डावरचे वय बदलायला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे भूकंप नव्हे. ताईला तिथे काहीच करता येत नाही. केसपेपरवर ती पेन्सिलीने 'हिशेबाने ७५' असे लिहून ठेवते. मूत्रपिंडाची कार्यक्षमता काढण्याच्या सूत्रात वय धरलेले असते आणि कित्येक औषधांचे प्रमाण त्यावरून ठरते, हे तिला तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितले आहे.

योजनेच्या कार्डाची आणखी एक अडचण. ओळख पटवण्यासाठी अंगठा ठेवावा लागतो, आणि जन्मभर खुरपे धरलेल्या बोटांवरच्या रेषा यंत्राला सापडत नाहीत. मग मोबाइलवर येणारा आकडा विचारायचा. मोबाइल असतो मुलाकडे, मुलगा असतो पुण्याला.

गोळ्यांचे प्रकरण तर स्वतंत्र लेखाचे आहे. गावच्या खाजगी डॉक्टरांनी दिलेली एक पट्टी, सरकारी दवाखान्यातली दुसरी. वेष्टणावरची नावे निराळी, आतले औषध एकच. "एक सरकारी हाय, एक पैशाची" म्हणून म्हातारा दोन्ही घेतो. रक्तदाब उतरतो, रात्री लघवीला उठताना घेरी येते, आणि खुब्याचे हाड मोडले की तो माणूस पुन्हा शेताच्या बांधावर दिसेलच असे नाही. ताई औषध देत नाही आणि बंदही करत नाही, तो तिचा अधिकार नाही. व्यापारी नावाबरोबर मूळ औषधाचे नावही असते, ते दोन्हींवर जुळले की ती लाल शाईने दोन्ही पट्ट्यांभोवती गोल करते आणि केसपेपर वर ठेवते. टायपिंगच्या परीक्षेत हे कोणी शिकवलेले नाही.

ती ओरडूनही बोलत नाही. म्हातारपणी आधी वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात, त्यामुळे ओरडण्याने शब्द कळत नाही. सावकाश, खालच्या सुरात, उजेडाकडे तोंड करून बोलावे लागते. शिवाय 'लघवी कपड्यात होते का?' हे काचेआडून मोठ्याने विचारले तर कोणती आजी हो म्हणेल? ताई बाहेर येते, बाकावर शेजारी बसून विचारते. तेवढ्यात खिडकी रिकामी दिसते आणि कोणीतरी वरिष्ठांकडे तक्रार करते.

पुढची तारीख देताना भिंतीवरच्या कॅलेंडराच्या आधी ती गाव विचारते. मुक्कामी एस.टी. सकाळी सहाला निघते, परतीची दुपारी दीडला. त्या गावच्या माणसाचा कागद दीडच्या आत डॉक्टरांच्या टेबलावरून खाली आला पाहिजे, असा तिचा क्रम लावलेला असतो.