नदीला दिलेली जागा

पावसाळ्यातील एक खेळ तुम्हां सर्वांच्या परिचयाचा असेल. अंगणातून वाहणाऱ्या पाण्याच्या ओहळाला दोन्ही बाजूंनी ओल्या मातीचे बांध घालावयाचे आणि ते पाणी आपणांस हवे तिकडे न्यावयाचे. पाऊस रिमझिम असतो तोवर पाणी निमूटपणे आपल्या आज्ञेत वाहते. जोराची सर आली, की ते बांधाच्या काठाशी चढते. मग आपण बांधावर आणखी मूठभर माती लावतो. पाणी आणखी चढते. आपण आणखी माती लावतो. अखेर एके ठिकाणी बांधाला भगदाड पडते आणि सारे पाणी एकदम अंगणभर पसरते. बोटभर उंचीचा बांध फुटला तर थोडेच पाणी सांडते. वीतभर उंचीचा फुटला तर पुष्कळ सांडते, हेही तुमच्या ध्यानात आले असेल.

हाच खेळ एक संपूर्ण देश सुमारे हजार वर्षे खेळत आला. मात्र त्या देशाच्या दृष्टीने तो खेळ नव्हता. तो जीवनमरणाचा प्रश्न होता. तो देश म्हणजे युरोपातील नेदरलँड्स. आपल्याकडे पुष्कळ लोक त्याला हॉलंड या नावाने ओळखतात. 'नेदरलँड्स' या नावाचा अर्थच 'सखल प्रदेश' असा आहे, आणि ते नाव अगदी सार्थ आहे. या देशाची सुमारे एकचतुर्थांश भूमी समुद्रसपाटीच्या खाली आहे. बांध घालून आणि आतले पाणी उपसून तेथील लोकांनी ती पाण्यापासून मिळविली. अशा भूमीला ते 'पोल्डर' म्हणतात. आपल्या कोकणातील खारभूमी किंवा गोव्यातील खाजण ज्याने पाहिले आहे, त्याला पोल्डरची कल्पना सहज येईल.

या देशाला दोन बाजूंनी पाण्याचे भय आहे. पश्चिमेस व उत्तरेस समुद्र आहे, तर पूर्वेकडून व दक्षिणेकडून मोठ्या नद्या येतात. ऱ्हाइन नदी स्वित्झर्लंडमधील आल्प्स पर्वतात उगम पावते आणि जर्मनीतून वाहत लोबिथ या गावाजवळ नेदरलँड्समध्ये प्रवेश करते. पुढे तिला फाटे फुटतात. त्यांपैकी सर्वांत मोठ्या फाट्याचे नाव वाल असे आहे. फ्रान्स व बेल्जियम या देशांतून येणारी मास ही दुसरी मोठी नदी होय.

१९५३ साली, ३१ जानेवारी व १ फेब्रुवारी यांमधील रात्री, वादळामुळे समुद्राला प्रचंड उधाण आले आणि नैऋत्य भागातील बांध ठिकठिकाणी फुटले. त्या एका आपत्तीत नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर त्या राष्ट्राने समुद्राच्या मुखांवर प्रचंड बंधारे व दरवाजे उभारले. समुद्राचा बंदोबस्त झाला. परंतु नद्या पाठीमागेच होत्या. १९९३ च्या डिसेंबरात, आणि पुन्हा १९९५ च्या प्रारंभी, ऱ्हाइन व मास यांना मोठे पूर आले. पाण्याने भिजून मऊ झालेले बांध केव्हा ढासळतील याचा भरवसा उरला नाही. तेव्हा १९९५ साली सुमारे अडीच लक्ष लोकांना घरेदारे सोडून सुरक्षित स्थळी जावे लागले. गाईगुरांनाही हलवावे लागले. सुदैवाने बांध टिकले. लोक परत आले. पण येताना ते मनात एक प्रश्न घेऊन आले. बांध आणखी किती उंच करावयाचे?

वरवर पाहता या प्रश्नाचे उत्तर सोपे वाटते: पाणी जितके चढेल, त्याहून थोडा उंच बांध घालावा. परंतु अभ्यासकांनी एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली होती. पूर्वी नदीला पूर आला, की तिचे गढूळ पाणी दूरवर पसरे आणि गाळाचा थर सर्व भूमीवर बसे. त्यामुळे भूमी हळूहळू उंच होई. बांध घातल्यानंतर तो गाळ दोन बांधांच्या मधल्या पट्ट्यातच साचू लागला, आणि नदीकाठचा पट्टा वर चढला. उलट, बांधाच्या पलीकडील शेते व गावे कोरडी ठेवण्यासाठी तेथील पाणी शतकानुशतके उपसले जात होते. पाणी निघून गेले, की तेथील मऊ माती आकसते व खचते. म्हणजे नदीकडील भूमी वर जात राहिली आणि माणसांकडील भूमी खाली. बांध जितका उंच करावा, तितके त्याच्या आड साठणारे पाणी अधिक, आणि तो फुटला तर होणारा अनर्थही अधिक. अंगणातील खेळात आपण जे पाहिले, तेच येथे घडत होते.

मग दुसरा उपाय कोणता? तो उपाय आकाराने मोठा असला, तरी विचाराने साधा होता. नदीला भिंतींनी वर चढविण्याऐवजी तिला आडवी पसरू द्यावी. तिची जी जागा माणसाने घेतली, तिच्यातील काही तिला परत द्यावी.

या विचाराचे बीज १९८६ सालीच पेरले गेले होते. त्या वर्षी एका स्पर्धेत सहा जणांनी मिळून नदीखोऱ्याची एक योजना मांडली आणि ती पारितोषिकास पात्र ठरली. 'करकोचा योजना' असे तिचे नाव होते. नदीकाठच्या पूरभूमीचा काही भाग शेतीतून मोकळा करून पुन्हा नदीच्या स्वाधीन केला, तर तेथून नाहीसा झालेला काळा करकोचा परत येईल, अशी तिच्यामागील आशा होती. या सहा जणांत डिर्क सायमन्स नावाचे एक भूदृश्यरचनाकार होते. भूदृश्यरचना म्हणजे केवळ बागा सजविणे नव्हे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. भूमीचा चढउतार, पाण्याची वाट, मातीचा पोत, झाडेझुडपे, पशुपक्षी आणि माणसांची वस्ती या सर्वांचा एकत्र विचार करून एखाद्या प्रदेशाची मांडणी ठरविणे, हे या शास्त्राचे कार्य होय. इमारतीचा आराखडा वास्तुशिल्पी काढतो. नदी, टेकडी आणि गाव यांचा परस्परांशी मेळ कसा बसेल, याचा आराखडा भूदृश्यरचनाकार काढतो.

१९९५ च्या पुरानंतर हा विचार राज्यकर्त्यांनाही पटला आणि 'नदीला जागा' या नावाची राष्ट्रीय योजना आकारास आली. लोबिथजवळ ऱ्हाइनमधून दर सेकंदास १६,००० घनमीटर पाणी आले, तरी ते सुखरूप समुद्रापर्यंत जावे, हे तिचे उद्दिष्ट होते. तोवरची मर्यादा १५,००० घनमीटर होती. एक घनमीटर म्हणजे एक हजार लिटर. तेव्हा १६,००० घनमीटर म्हणजे दर सेकंदास एक कोटी साठ लक्ष लिटर पाणी! उद्दिष्टे मात्र एक नव्हे, दोन होती. लोक सुरक्षित व्हावेत आणि तो प्रदेश अधिक सुंदर व राहण्यास अधिक सुखकर व्हावा, या दोन्ही गोष्टी योजनेने तोलामोलाच्या मानल्या. दुसऱ्या उद्दिष्टावर लक्ष ठेवण्यासाठी तज्ज्ञांचे एक स्वतंत्र मंडळ नेमण्यात आले, आणि त्याचे नेतृत्व सायमन्स यांच्याकडे आले.

नदीला जागा देण्याचे अनेक मार्ग असतात. बांध मागे सरकविता येतो. काठावर साचलेला गाळ खणून पूरभूमी खाली करता येते. मुख्य पात्राच्या शेजारी दुसरे पात्र खोदता येते. प्रवाहाला अडविणारे अडथळे काढता येतात. कोणता उपाय कोठे करावा, हे ठरविण्यासाठी अभियंत्यांनी गणकयंत्रावर एक साधन तयार केले. त्याला त्यांनी 'ठोकळ्यांची पेटी' असे गमतीदार नाव दिले. तिच्यात सुमारे ७०० निरनिराळे उपाय भरलेले होते. मुले ठोकळे निवडून घर रचतात, त्याप्रमाणे एखादा उपाय निवडला, की पुराची पातळी किती सेंटीमीटर उतरेल, हे ती पेटी दाखवी. त्यामुळे गावचे पुढारी, शेतकरी आणि अधिकारी एकाच मेजाभोवती बसून विचार करू शकले. अखेर तीसहून अधिक ठिकाणी कामे झाली.

त्यांपैकी दोन ठिकाणांची हकिकत विशेष बोधप्रद आहे.

नायमेगेन या प्राचीन नगराजवळ वाल नदी एक तीव्र वळण घेते आणि त्याच ठिकाणी अरुंद होते. सुरईच्या गळ्यात पाणी अडावे, तसे पुराचे पाणी येथे अडे व फुगे. नगराच्या समोरच्या तीरावर लेंट नावाचे गाव आहे. तेथील बांध सुमारे ३५० मीटर मागे हटवावा आणि मोकळ्या झालेल्या जागेत नवे पात्र खोदावे, असे ठरले. परंतु त्या जागेत सुमारे ५० घरे होती. आपल्या घरावरून नदी वाहणार, हे ऐकून कोणाला आनंद होईल? लेंटच्या रहिवाशांनी प्रथम तीव्र विरोध केला. पुढे पुष्कळ वर्षे चर्चा झाली, घरांचा मोबदला देण्यात आला, आराखडा घडविताना लोकांचे म्हणणे विचारात घेतले गेले, आणि मगच काम सुरू झाले. २०१६ च्या सुमारास ते पूर्ण झाले. आता दोन पात्रांच्या मध्ये एक लांबट बेट निर्माण झाले आहे. पूर आला, की पाणी एक उंबरठा ओलांडून नव्या पात्रात शिरते, आणि त्यामुळे नायमेगेनजवळ पुराची पातळी सुमारे ३५ सेंटीमीटरने उतरते. एरवी तेथे लोक पोहतात, नौका वल्हवितात आणि काठावर फिरावयास येतात. जी जागा भयाची होती, ती विसाव्याची झाली.

दुसरी हकिकत मास नदीच्या मुखाकडील एका फाट्यावरील ओव्हरडीप नावाच्या पोल्डरची आहे. मोठा पूर आला असता हा पोल्डर बुडू दिला, तर वरच्या बाजूच्या नगरांतील पाणी उतरेल, असे गणित निघाले. तेथे सुमारे सतरा शेतकरी कुटुंबे राहत होती. सरकार काय ठरविते याची वाट पाहत बसण्याऐवजी त्या शेतकऱ्यांनी आपल्या पूर्वजांची एक रीत आठवली. बांध घालण्याची विद्या अवगत होण्यापूर्वी उत्तरेकडील लोक मातीचे उंच ढिगारे रचीत आणि त्यांवर घरे बांधीत. तशीच उंच टेकाडे रचून त्यांवर आमची घरे व गोठे बांधावेत, आणि पूर आल्यास शेते खुशाल बुडू द्यावीत, अशी योजना त्यांनी स्वतःच पुढे केली. ती मान्य झाली. सुमारे सहा मीटर उंचीची टेकाडे उभी राहिली आणि जवळजवळ निम्मी कुटुंबे तेथेच राहिली. उरलेल्या कुटुंबांना मात्र आपली भूमी कायमची सोडून अन्यत्र जावे लागले. दूरच्या नगरातील अनोळखी माणसे सुरक्षित राहावीत म्हणून कोणाला तरी आपले अंगण सोडावे लागले, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

या विषयाचे संशोधन अद्याप चालू आहे. टील या गावाजवळ वाल नदीत काठाला समांतर असे दगडी बांध सुमारे दहा किलोमीटर लांबीत घालण्यात आले आहेत. त्यांच्या आडोशाला जहाजांच्या लाटांचा त्रास पोहोचत नाही, आणि तेथे लहान मासे वाढतात, असे संशोधकांना आढळून आले आहे. पूरभूमीवर झाडी फार वाढली तर प्रवाह अडतो. सारी तोडली तर पशुपक्ष्यांचा निवारा जातो. ही तोलाची रेषा कोठे आखावी, याचाही अभ्यास होत आहे. शिवाय पृथ्वीचे तापमान वाढत असल्यामुळे कधी महापूर, तर कधी २०१८ व २०२२ या वर्षांप्रमाणे नदी आटण्याचे संकट, अशा दोन्ही टोकांचा विचार आता करावा लागत आहे.

हा प्रश्न आपल्या दारापासून दूर नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठी नदीने आपली हरवलेली जागा एका दिवसात परत घेतली. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा व पंचगंगा यांच्या पुराने सांगली व कोल्हापूर येथील हजारो घरांत पाणी शिरले. आपल्या राज्यातही नदीकाठी दोन पूररेषा आखण्याची पद्धत आहे. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती तांबडी रेषा. निळ्या रेषेच्या आतील भूमी नदीसाठी मोकळी राहावी, हा त्यामागील हेतू होय. आपला पाऊस निराळा, आपली माती निराळी, आपली वस्तीही दाट. म्हणून नेदरलँड्सचा आराखडा जसाच्या तसा उचलून येथे चालणार नाही. तथापि, नदीची रुंदी उन्हाळ्यात नव्हे, तर पुरात मोजावयाची असते, हा त्यातील धडा मात्र कोणत्याही नदीला लागू पडतो.

तुमच्या गावाजवळून एखादी नदी किंवा ओढा वाहत असेल. उन्हाळ्यात त्याच्या कोरड्या पात्राशेजारची सपाट जागा पाहून कोणालाही वाटेल, की ही जागा रिकामी पडली आहे. अशा वेळी गावातील एखाद्या वृद्ध माणसाला विचारा, की मोठ्या पुरात पाणी कोठवर आले होते? तो तुम्हांला देवळाची एखादी पायरी किंवा एखाद्या भिंतीवरील खूण दाखवील. त्या खुणेपाशी उभे राहून पात्राकडे पाहा. मधली सारी जागा रिकामी नाही, ती नदीची आहे, हे तुमच्या ध्यानात येईल.