बादशहा औरंगाबादेत, वाद पॅरिसात

१६८२ साली दोन राजांनी बिऱ्हाड हलवले. मार्चमध्ये औरंगजेब बुऱ्हाणपूरहून औरंगाबादेत दाखल झाला आणि मे महिन्यात फ्रान्सच्या चौदाव्या लुईने आपला दरबार व्हर्सायच्या अजून पुरत्या न बांधलेल्या राजवाड्यात नेला. लुईने सरदारांना एका छपराखाली आणून बसवले आणि सकाळी सदरा कुणी हातात द्यायचा यासाठी त्यांना आपसात झुंजत ठेवले. औरंगजेबाने शहराला तट घातला आणि पुढची पंचवीस वर्षे मराठ्यांच्या मागे छावण्यांत काढली. एकाने राजधानी नव्याने उभारली, दुसऱ्याने ती तंबूत घालून फिरवली.

दोघांचीही राज्ये दीर्घ चालली आणि चुकाही एका वळणाच्या निघाल्या. १६७९ मध्ये औरंगजेबाने जिझिया पुन्हा लावला. १६८५ मध्ये लुईने प्रोटेस्टंटांना संरक्षण देणारे नांतचे फर्मान रद्द केले आणि सुमारे दोन लाख प्रोटेस्टंट प्रजा देश सोडून गेली. इकडे जिझियाविरुद्धचे एक पत्र शिवाजी महाराजांच्या नावाने प्रसिद्ध आहे. अकबर, जहांगीर आणि शाहजहान यांनी सर्व धर्मांच्या रयतेला कसे सांभाळले याची आठवण त्यात बादशहालाच करून दिली आहे. तिकडे लुईला तसे सुनावणारा होता व्होबाँ. राजासाठी आयुष्यभर किल्ले बांधलेल्या या इंजिनिअरने म्हातारपणी एक पुस्तक लिहिले: सरदार-पाद्र्यांसकट सगळ्यांनी उत्पन्नाच्या प्रमाणात कर भरावा. पुस्तकावर बंदी आली आणि १७०७ च्या मार्चअखेरीस व्होबाँ वारला. त्याच महिन्याच्या सुरुवातीला अहमदनगरजवळच्या छावणीत औरंगजेबाने डोळे मिटले होते.

हे साम्य आज दिसते. त्या काळच्या युरोपला मात्र फरकच पाहायचा होता, आणि तो पाहण्यासाठी त्याने औरंगजेबाची निवड केली. राजाची सत्ता कुठवर असावी, रयतेच्या मालमत्तेवर त्याचा हात पोचावा की नाही, या प्रश्नांवर अठराव्या शतकातला फ्रान्स पेटला तेव्हा पुराव्याच्या ढिगात वरचेवर हा बादशहा सापडतो. वादाच्या दोन्ही टोकांचे धागे औरंगाबाद शहरातून गेले आहेत, ही गोष्ट मात्र शहरातल्यांनाही फारशी ठाऊक नसते.

सुरुवात एका फ्रेंच जवाहिऱ्यापासून करावी. तव्हेर्निए सुरतेहून गोवळकोंड्याला निघाला असता औरंगाबादेच्या अलीकडे त्याला संगमरवराने लादलेल्या तीनशेवर गाड्या भेटल्या. सगळ्यात लहान गाडीलाही बारा बैल जुंपलेले होते, असे त्याने लिहून ठेवले. हा दगड औरंगजेबाच्या दिलरास बानू बेगमेच्या कबरीसाठी, म्हणजे बीबी का मकबऱ्यासाठी चालला होता. एवढ्या गाड्या येऊनही आज मकबऱ्यात संगमरवर मोजक्याच ठिकाणी दिसतो, बाकी चुन्याच्या गिलाव्यावर भागवले आहे. ‘तारीखनाम्या’त खर्चाचा आकडा ६,६८,२०३ रुपये असा येतो. ताजमहालाच्या मानाने हे काटकसरीचेच काम. तव्हेर्निएने पुढे हिंदुस्थानातला एक मोठा निळा हिरा नेऊन लुईला विकला आणि त्याला सरदारकीही मिळाली. म्हणजे एका राजाकडचा दगड मोजायचा आणि दुसऱ्याला दगड विकायचा, असा त्याचा व्यापार.

१६६६ मध्ये फ्रेंच प्रवासी तेव्हनो आला. तोवर तट नव्हता; त्याने बिनकोटाचे, दगडी घरांचे, झाडीचे शहर पाहिले आणि मग वेरूळ गाठले. ही दोन्ही वर्णने रंजक आहेत, पण त्यांतून राजकीय सिद्धांत निघत नाही. तो काढला बर्निएने.

फ्रांस्वा बर्निए हा आँजू प्रांतातला वैद्य, तत्त्वज्ञ गासांदीचा शिष्य. शाहजहानच्या मुलांचे वारसायुद्ध चालू असतानाच तो हिंदुस्थानात आला आणि दानिशमंद खान या विद्याव्यासंगी उमरावाच्या पदरी राहिला. तिथे त्याचे मुख्य काम वैद्यकीचे नव्हते. हार्वीचा रक्ताभिसरणाचा शोध मालकाला समजावून सांगणे आणि गासांदी व देकार्त फारसीत उतरवणे यातच त्याची पाच-सहा वर्षे गेली. हिंदुस्थानी राजदरबाराचा हा भाग युरोपातल्या सिद्धांतात मात्र कुठेच उतरला नाही. दिल्लीत बसून देकार्त वाचणारा उमराव ‘गुलामांच्या मुलुखा’च्या चित्रात बसणार तरी कसा?

बर्निएने सांगितलेला एक प्रसंग बारकाईने पाहण्याजोगा आहे. औरंगजेबाचा जुना शिक्षक मुल्ला सालेह उमरावकीच्या आशेने दरबारी आला. तीन महिने बादशहाने त्याच्याकडे पाहिलेच नाही. मग मोजक्या माणसांसमोर बोलावून खरडपट्टी काढली: तू मला सांगितलेस की फिरंग्यांचा मुलूख म्हणजे एक किरकोळ बेट, आणि फ्रान्सचा राजा आपल्याकडच्या छोट्या राजासारखा. राजाचे रयतेशी आणि रयतेचे राजाशी कर्तव्य काय, शहराला वेढा कसा द्यावा, हे शिकवण्याऐवजी तू व्याकरणात माझी वर्षे घालवलीस. प्रसंग घडला असेलही; त्या वेळी दानिशमंद खान हजर होता आणि बर्निएने ते त्याच्याचकडून ऐकले. पण हे भाषण वाचताना शंका येते. विद्यापीठी घोकंपट्टीचा असा तिटकारा गासांदीच्या शिष्यांना होता. औरंगजेबाच्या तोंडी पॅरिसची भाषा आहे.

मायदेशी परतल्यावर बर्निएने १६७० पासून आपले ग्रंथ छापले आणि लुईचा अर्थमंत्री कोल्बेर याला एक लांबलचक पत्र लिहिले. त्यातला मुद्दा असा: हिंदुस्थानात सगळ्या जमिनीचा मालक एकटा बादशहा, जहागीरदार आज आहे, उद्या नाही, म्हणून तो शेतकऱ्याला पिळतो, पाट-बांध दुरुस्त करत नाही आणि मुलूख ओसाड पडतो. आपल्याकडचे राजे जमिनीचे एकमेव मालक नाहीत, याबद्दल तो देवाचे आभार मानतो. हे आभार वरवरचे नव्हते. त्याच काळात लुई आपल्या मुलासाठी लिहवून घेतलेल्या आठवणींत, प्रजेच्या सगळ्या मालमत्तेवर राजाचा पूर्ण अधिकार असतो, असे बजावत होता. कोल्बेरला लिहिताना बर्निएचे बोट दिल्लीकडे होते आणि डोळा लुईवर. लेकी बोले सुने लागे, हे आपल्याकडच्या सासवांना नव्याने शिकवायला नको.

नाटकवाल्यांना तर सत्याची गरजच नव्हती. लंडनमध्ये १६७५ साली ड्रायडनचे ‘औरंगझेब’ रंगभूमीवर आले. त्यातला नायक वडिलांशी अखेरपर्यंत एकनिष्ठ राहणारा आज्ञाधारक पुत्र आहे! शाहजहान आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत मरून नऊ वर्षे झाली होती, आणि खरा औरंगजेब अजून बत्तीस वर्षे जगायचा होता.

बर्निएच्या पत्राचे शास्त्र केले फ्रेंच विचारवंत मोंतेस्क्यूने. १७४८ मध्ये जिनिव्हात निनावी छापलेल्या ‘कायद्यांचे मर्म’ या ग्रंथात त्याने राज्यांचे तीन प्रकार पाडले. प्रजासत्ताक सद्गुणावर चालते, राजेशाही प्रतिष्ठेवर आणि जुलूमशाही भीतीवर. तिसऱ्या प्रकारासाठी त्याने तुर्कस्तान, इराण आणि हिंदुस्थान हे साचे घेतले; बर्निए, शार्दाँ, तव्हेर्निए हे प्रवासी त्याचे साक्षीदार. तो स्वतः युरोपाबाहेर कधी पडला नाही. हेतू वाईट नव्हता: फ्रान्सच्या राजाने सरदार आणि न्यायसभा मोडीत काढल्या तर तुमचेही आशिया होईल, असा तो धाक होता. पण धाक दाखवायला बागुलबुवा लागतो, आणि एकदा उभा केला की तो मालकाचेही ऐकत नाही.

व्होल्तेअरला हे पटले नाही. एवढ्या मोठ्या मुलखात एकच माणूस सगळ्या शेतांचा धनी असू शकतो, हे त्याला मुळातच अशक्य वाटले. अर्थात व्होल्तेअरला राजांची संगत प्रिय होती. १७५० ते १७५३ तो प्रशियाच्या फ्रेडरिकच्या दरबारी राहिला आणि परतताना त्याच राजाच्या माणसांनी त्याला फ्रँकफुर्टमध्ये अडकवून ठेवले. रशियाच्या कॅथरीनने फ्रेंच तत्त्वज्ञ दिदरोचे ग्रंथालय विकत घेऊन त्यालाच ते सांभाळायला पगारावर नेमले आणि १७६७ च्या आपल्या आज्ञापत्रात मोंतेस्क्यूची पानेच्या पाने घेतली. फक्त रशियाची सत्ता अनिर्बंधच हवी, एवढे स्वतःचे कलम घातले. विचारवंत पदरी असणे हे तेव्हा राजांचे भूषण होते, विचार पदरी पडणे वेगळे.

आता १७५८ चे औरंगाबाद. निजाम सलाबत जंग गादीवर, त्याच्यामागे सेनापती बुसीच्या फ्रेंच पलटणी. मार्चअखेरीस घाट चढून मराठी मुलखात आलेला सव्वीस वर्षांचा एक फ्रेंच तरुण याच सुमारास शहरात पोचला. आंकेतिल द्युपेराँ त्याचे नाव. पारशांचा धर्मग्रंथ अवेस्ता मुळातून शिकायला हिंदुस्थानात येता यावे म्हणून तो साधा शिपाई म्हणून भरती झाला होता. मराठ्यांच्या प्रदेशातली आनंदी, धडधाकट, पाहुण्याला घासातला घास देणारी माणसे पाहून आपण सत्ययुगात आलो की काय, असे त्याला वाटले. वाटेत प्रत्येक राज्याचे नाणे तो जपून ठेवत होता. वेरूळची लेणी त्याने बारकाईने पाहिली आणि १ मे रोजी सुरत गाठली.

तो सुरतेला पोचला आणि दहा-बारा दिवसांत औरंगाबादेत रक्त सांडले. बुसीचा दिवाण हैदर जंग याचा खून झाला. त्याच गोंधळात कैदेतला माजी दिवाण शाहनवाज खान मारला गेला. शाहनवाज हा पूर्वी निजामाच्या मर्जीतून उतरला तेव्हा औरंगाबादेत घरी बसून त्याने मोगल सरदारांच्या चरित्रांचा कोश रचायला घेतला होता: ‘मआसिर-उल-उमरा’. त्याचे घर लुटले गेले तेव्हा हस्तलिखिताची पाने विखुरली. त्याचा मित्र, पाणचक्कीजवळच्या तकियात राहणारा विद्वान गुलाम अली आझाद बिलग्रामी, पुढे वर्षभर ती पाने शोधत फिरला, मिळाली तशी जुळवत गेला आणि ग्रंथ पुन्हा उभा केला. नेमक्या त्याच काळात, १७५९ मध्ये, पॅरिसात दिदरोच्या विश्वकोशाचा परवाना रद्द झाला आणि तो उरलेले खंड लपूनछपून तयार करू लागला. सत्तेच्या तडाख्यातून कोश वाचवणारी ही दोन माणसे एकमेकांना माहीत नव्हती. पॅरिसच्या माणसाचे नाव आपल्या शालेय पुस्तकांत आहे. आझाद खुलदाबादेत, औरंगजेबाची कबर आहे त्याच गावात पुरलेला आहे आणि त्याची कबर विचारत जाणारा विरळा.

आंकेतिल मात्र पाहिलेले विसरला नाही. १७७८ मध्ये त्याने ‘पूर्वेकडील कायदेव्यवस्था’ हा ग्रंथ काढून मोंतेस्क्यूवर थेट चाल केली. तुर्कस्तान, इराण आणि हिंदुस्थानात लेखी कायदे आहेत, राजा त्यांना बांधलेला आहे आणि खासगी मालमत्ताही आहे, हे त्याने एकेक दाखला देऊन मांडले. पुढचे त्याचे म्हणणे अधिक झोंबणारे: पूर्वेत कुणाच्या मालकीचे काही नाही असे ठरवले की तिथले सगळे उचलायला युरोपीय मोकळा होतो.

त्याला हवा तो पुरावा मराठी गावांच्या दप्तरांत ढिगाने पडून होता. मिरासदाराची जमीन वडिलोपार्जित. ती विकता येई, गहाण टाकता येई, लेकाला जाई. मिरास नसलेला तो उपरी. मिरासीचा तंटा निघाला तर गोतसभा बसे: देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदार. निवाडा महजरात लिहिला जाई आणि त्याखाली पाटील नांगराची निशाणी करी, बलुतेदार आपापल्या हत्याराची. इतिहासकार राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’मध्ये असे कागद छापले आहेत. औरंगाबादेचा पहिला धनी मलिक अंबर, ज्याने १६१० मध्ये खडकी म्हणून हे शहर वसवले, त्याच्या जमाबंदीचे नाव तर दख्खनमध्ये त्याच्यानंतरही दीर्घकाळ घेतले जात होते. जमिनीचा एकटा मालक म्हणून दिल्लीचा बादशहा या कागदांत सापडत नाही. सापडतो तो सारा मागणारा, कधी जास्त मागणारा, कधी छळणारा.

म्हणून औरंगजेबाच्या राज्यात जुलूम नव्हता, असे होत नाही. संभाजी महाराजांची १६८९ मधली हत्या आणि जिझिया हे याच राज्यातले. जुलूम खरा होता. त्याच्यावर रचलेला ‘इथे मालकीच नाही’ हा सिद्धांत खोटा होता.

तो खोटा सिद्धांत कामाला मात्र आला. ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावर खटला चालला तेव्हा त्याने बचावात सांगितले की हिंदुस्थानात अनिर्बंध सत्तेचाच रिवाज आहे. खटला चालवणाऱ्या एडमंड बर्कने ते धुडकावून लावले, तरी हेस्टिंग्ज सुटलाच. १८५३ मध्ये मार्क्सनेही एंगेल्सला लिहिताना बर्निएचाच आधार घेतला आणि पूर्वेची किल्ली जमिनीच्या खासगी मालकीच्या अभावात आहे असे म्हटले.

त्याच्या चौतीस वर्षे आधी, १८१९ मध्ये, पेशवाई नुकतीच बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा अहवाल कलकत्त्याला पाठवला होता. रयतेतले बरेच जण आपल्या जमिनीचे मालक आहेत, ठरलेला सारा भरला की ती त्यांची, असे त्यात त्याने लिहिले. कंपनीचाच हा अधिकारी, आणि बर्निएपेक्षा त्याने मराठी गाव जवळून पाहिले होते.