आगाऊ कर : गेल्या सालचा नव्हे, चालू सालचा



ऊस विकास अधिकाऱ्याने लागण, बेणे आणि खोडव्यावर लिहावे, आयकराच्या भानगडीत कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. पण गटवार मेळाव्यांना गेलो, की उसाचे प्रश्न संपल्यावर दोन-चार जण बाजूला घेतात आणि हळूच विचारतात, "साहेब, पोराला आगाऊ कर भरायला सांगितलंय. यंदा धंदा निम्म्यावर आलाय. तरी तेवढाच भरायचा का?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सोपे आहे, म्हणून हा लेख.

आधी एक खुलासा. सहकारी साखर कारखान्यांच्या जादा ऊसदरावरील आयकराचा वाद आपण बरीच वर्षे ऐकला. २०१६-१७ पूर्वीच्या वर्षांसाठी २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्यावर तोडगा निघाला. तो कारखान्यांचा प्रश्न होता. येथे आपण बोलतो आहोत ते घरातल्या धंद्याच्या कराबद्दल.

कोणाला भरावा लागतो?

उसाचे पैसे हे शेतीचे उत्पन्न, त्यावर आयकर नाही. पण मुलाचा ट्रक, जेसीबी, कृषी सेवा केंद्र, वेल्डिंगचे दुकान, तोडणी-वाहतुकीचा ठेका ही शेती नव्हे. ते धंद्याचे उत्पन्न. वर्षाचा एकूण कर काढून त्यातून टीडीएस, म्हणजे बिल देतानाच कापून घेतलेला कर, वजा करावा. बाकी १०,००० रुपये किंवा जास्त राहत असेल, तर तो कर वर्ष संपायची वाट न पाहता हप्त्याने भरावा लागतो. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत एकूण ७५ टक्के आणि १५ मार्चपर्यंत सगळा. आपल्या देशात ही आगाऊ भरण्याची पद्धत १९४४ पासून आहे.

साठीच्या पुढच्या ज्या सभासदांना धंद्याचे उत्पन्न अजिबात नाही, फक्त ठेवींचे व्याज वगैरे आहे, त्यांना आगाऊ कर माफ आहे. कर मात्र माफ नाही बरं का, तो विवरणपत्र भरताना द्यावाच लागतो.

सांडोरची गोष्ट

माझी धाकटी बहीण वसईजवळ सांडोरला दिली आहे. एकेकाळी वसईच्या बागायतीत केळी, पानवेलीबरोबर ऊसही होई. आता तिकडे इमारती वाढल्या. आमच्या दाजींचा जाळ्या, ग्रील, लोखंडी दरवाजे करायचा वर्कशॉप आहे. काम इमारतींवर अवलंबून, म्हणजे कधी भरपूर तर कधी शुकशुकाट.

२०२३ च्या दिवाळीनंतर त्यांची दोन मोठी कामे थांबली. डिसेंबरचा हप्ता जवळ आला. दाजींनी गेल्या वर्षीचा आकडा काढला आणि तेवढाच यंदा भरायचा असे धरून चालले. हातात पैसा नव्हता, म्हणून बहिणीच्या बांगड्या गहाण ठेवून दरसाल १४ टक्क्यांनी ४०,००० रुपये उचलले आणि कर भरला.

नाताळात मी तिकडे गेलो तेव्हा बहिणीचे हात मोकळे दिसले. विचारले, तेव्हा सगळे कळले. मी म्हणालो, "दाजी, कमाई घटली तर कर एवढा कसा?" ते म्हणाले, "इंग्लंडमध्ये माझा चुलतभाऊ धंदा करतो. तो म्हणाला, गेल्या वर्षीएवढंच भरायचं असतं. आपल्याकडंही तसंच असणार."

चुलतभावाचे त्याच्या देशापुरते खरे होते. ब्रिटनमध्ये अशा धंदेवाईकाला साधारणपणे गेल्या वर्षीच्या कराच्या निम्मा एक हप्ता ३१ जानेवारीला आणि निम्मा ३१ जुलैला भरावा लागतो. यंदा कमाई कमी असेल, तर हप्ता कमी करा अशी मागणी तेथे मुद्दाम करावी लागते. आपल्याकडे तसे नाही. आपला आगाऊ कर चालू वर्षाच्या कमाईच्या अंदाजावर असतो आणि तो अंदाज आपला आपणच करायचा असतो. पूर्वी तो लेखी करून अधिकाऱ्याकडे द्यावा लागे. १९८८ पासून तीही अट गेली.

दाजींना जास्तीचा कर परत मिळाला, पण पुढच्या ऑक्टोबरात. दहा महिन्यांचे व्याज साडेचार हजारांवर गेले. परताव्यावर सरकार दरमहा अर्धा टक्का व्याज देते, तेही वर्ष संपल्यावर १ एप्रिलपासून. ते आले चौदाशे. तीन हजारांवर रुपये फुकट गेले. त्याहून वाईट म्हणजे हातात रोकड नसल्याने लोखंड उधारीने आणावे लागले.

नोंदीच्या उसासारखा हिशेब

आपण उसाचे काय करतो? जूनमध्ये चिटबॉय प्लॉट पाहून टनेजचा अंदाज देतो. पुढे हुमणी लागली, पाऊस हटला, तर सप्टेंबरात तोच अंदाज खाली आणतो. गेल्या साली एकरी ५० टन पडला, म्हणून यंदा वाळलेल्या प्लॉटाला ५० टनांच्या गाड्या पाठवीत नाही. आगाऊ कराचेही हुबेहूब असेच आहे. प्रत्येक हप्त्याच्या आधी अंदाज नव्याने करायचा.

२०२५-२६ साली दाजींनी असेच केले. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोळाबेरीज करून देतो. दर त्या वर्षीच्या नव्या करपद्धतीचे आहेत.

जूनमध्ये वर्षाची निव्वळ कमाई १६ लाख धरली. त्यावर कर उपकरासह १,२४,८०० रुपये. बिल्डरांकडून होणारी कपात २४,८०० धरली. बाकी १,००,०००. जूनला १५,००० आणि सप्टेंबरला ३०,००० असे ४५,००० भरले.

दिवाळीनंतर कामे घटली. नवा अंदाज १३ लाख. कर उपकरासह ७८,०००. कामे कमी तशी कपातही कमी, ती १८,००० धरली. बाकी ६०,०००. डिसेंबरपर्यंत याचे ७५ टक्के, म्हणजे ४५,००० भरलेले हवेत. ते तर आधीच भरलेले होते! डिसेंबरचा हप्ता शून्य. मार्चमध्ये १५,००० भरले की काम संपले. बांगड्या हातातच राहिल्या.

अंदाज चुकला तर?

ही भीती सगळ्यांना असते. समजा वरच्या उदाहरणात शेवटी बाकी ६०,००० ऐवजी ८०,००० निघाली. मग डिसेंबरला १५,००० कमी पडले, त्यावर महिना १ टक्क्याने तीन महिन्यांचे ४५० रुपये. मार्चला २०,००० कमी पडले, त्याचे एका महिन्याचे २००. शिवाय एकूण बाकीच्या ९० टक्क्यांपेक्षा कमी भरल्यामुळे एप्रिलपासून कर भरेपर्यंत महिना १ टक्का. जुलैत भरला तर चार महिन्यांचे ८००. एकूण १,४५० रुपये. प्रामाणिक चुकीची किंमत ही एवढी. जानेवारीत काम वाढल्याचे दिसताच मार्चला पुरे पैसे भरले असते, तर फक्त ४५० लागले असते.

म्हणजे जास्त भरले तर पैसा अडकतो, कमी भरले तर वर्षाला १२ टक्क्यांच्या दराने व्याज बसते. पण कमाई चांगली असताना मुद्दाम कमी अंदाज करून कर मागे ठेवू नये. ते कर्जच आहे, आणि तेही स्वस्त नाही.

लक्षात ठेवायच्या बाबी

१. हप्त्याच्या आठ दिवस आधी आजवरची बिले, खर्च आणि हातातली कामे एका कागदावर मांडा. तारीख घाला आणि कागद जपून ठेवा. हा कागद कोठे द्यायचा नाही, पण पुढे विचारणा झाली तर उपयोगी पडतो.

२. कपात झालेली रक्कम आपल्या पॅनवर जमा दिसते का, ते आयकर खात्याच्या संकेतस्थळावर पाहा. पुष्कळ जण ती वजा करायलाच विसरतात.

३. लहान धंदेवाल्यांना वह्या न ठेवता उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के, नफा धरून कर भरण्याची सोय आहे. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवावा. या पद्धतीत चार हप्ते नाहीत, १५ मार्चला एकदाच सगळा कर भरायचा. पण एकदा स्वीकारून मध्येच सोडली, तर पुढची पाच वर्षे ती मिळत नाही. ट्रकमालकांची दर गाडीमागे नफा धरायची सोय वेगळी, तिच्यात ही एका हप्त्याची सवलत नाही.

४. धंद्याची कमाई करपात्र असेल आणि शेतीचे उत्पन्न ५,००० च्या वर असेल, तर शेतीचा आकडा कराचा दर ठरविताना धरला जातो. तेव्हा उसाचे बिलही सीएला दाखवा, लपवू नका.

५. करपात्र जमीन अचानक विकली गेली, तर तो कर त्यानंतरच्या हप्त्यांत भरावा. आधीच्या हप्त्यांचे व्याज त्यावर लागत नाही.

६. अधिकाऱ्याकडून ठरावीक रकमेचा आगाऊ कर भरण्याचा आदेश आला आणि आपला अंदाज त्याहून कमी असेल, तर गप्प बसू नये. ठरलेल्या नमुन्यात आपला अंदाज कळवावा आणि त्याप्रमाणे भरावे.

७. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला. कलमांचे आकडे बदलले, हप्त्यांच्या तारखा आणि टक्के मात्र तेच राहिले.

मुलांच्या धंद्याच्या वह्या एकदा शेजारी बसून पाहा, एवढीच विनंती. प्लॉटावर फेरी न मारता टनेज सांगणारा चिटबॉय आपल्याला चालत नाही. मग वही न उघडता गेल्या सालचा आकडा भरणारा मुलगा तरी का चालावा?