बाळ दिवस भरून जन्मलं का? तळपाय काय सांगतो

इन्सुलीत माझ्याकडे नवं बाळ घेऊन येणारी आजी हटकून विचारते, "डॉक्टर, बाळ बारीक दिसता. दिवस भरले होते ना?" प्रश्न अगदी बरोबर आहे. जन्मवजन अडीच किलोपेक्षा कमी असण्याची मुख्य कारणं दोन. एक, बाळ लवकर जन्मलं. दुसरं, दिवस भरले, पण पोटात वाढ कमी झाली. लवकर जन्मलेल्या बाळाची फुप्फुसं कच्ची असू शकतात. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण 34 आठवड्यांच्या सुमारास बसतो. म्हणून दिवस माहीत असणं महत्त्वाचं.

दिवस कसे मोजतात?

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस, म्हणजे 40 आठवडे. 37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ मुदतपूर्व समजतात. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी सगळ्यात भरवशाची. बाळंतपणाला माहेरी जाताना तो रिपोर्ट आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्याच.

रिपोर्ट नसेल, पाळीची तारीख आठवत नसेल तर?

मग डॉक्टर बाळाचं अंगच वाचतात. तळव्यावरच्या रेषा, कानाच्या पाळीचा कडकपणा, अंगावरची लव, हातापायांची ठेवण, अशा खुणांना गुण देतात. याला बॅलार्ड स्कोअर म्हणतात. त्यातही दोनेक आठवड्यांची चूक होऊ शकते.

सगळ्यात सोपं माप तळपायाचं. बाळ शांत असताना, पाय सरळ धरून, टाचेच्या मागच्या कडेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत पारदर्शक, कडक पट्टीने मोजा. कापडी टेप वाकते, ती नको. दोनदा मोजा. दिवस भरलेल्या बाळाचा तळपाय बहुधा साडेसात सेंटीमीटरच्या आसपास किंवा जास्त भरतो. मोजायचं ते जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच, कारण पाय पुढे वाढतच राहतो.

हे माप कुठे फसतं?

पोटात वाढ खुंटलेल्या बाळाचा पायही लहान असू शकतो. त्यामुळे पट्टीवरून नेमके आठवडे काढू नका. 'हे बाळ आज डॉक्टरांना दाखवायला हवं का?' एवढ्याच प्रश्नाला ती मदत करते. माप साडेसातपेक्षा कमी असेल तर त्याच दिवशी दाखवा. माप ठीक आहे, पण बाळ नीट पीत नाही, तरीही दाखवा.

'सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही' हे खरं का?

नाही. दिवस भरेपर्यंत पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा सहसा बाळाच्या फायद्याचाच असतो.

घरी काय कराल?

बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरा, वरून पांघरूण आणि डोक्याला टोपी घाला. आईचं दूधच द्या. चोखता येत नसेल तर काढून वाटी-चमच्याने कसं द्यायचं ते नर्सकडून शिका. लहान बाळाला आंघोळीची घाई नको. आशाताई घरी येतील तेव्हा वजन आणि ताप बघून घ्या.

थांबू नका, जर

- बाळ दूध ओढत नसेल किंवा एकदम सुस्त असेल
- हातपाय व पोट गार लागत असेल
- शांत असतानाही श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त असेल, छाती आत ओढली जात असेल
- तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील
- झटके येत असतील

अशा वेळी 108 किंवा 102 ला फोन करा. वाटेतही बाळ आईच्या छातीशीच असू द्या.