दुखतो कुणाचा, बदलतो कुणाचा

ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा बदलला गेला आणि पुढच्या जूनमध्ये उजवा. शस्त्रक्रियेसाठी न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते. १९७४ च्या सुमारास ‘टोटल कॉन्डिलर’ हा कृत्रिम गुडघा ज्या चमूने घडवला, त्यात जॉन इन्सॉल यांच्याबरोबर राणावतही होते. आज बसवले जाणारे बरेचसे गुडघे त्याच घराण्यातले.

शस्त्रक्रियेचं तंत्र तेव्हापासून खूप पुढे गेलं. मात्र आज कुरकुरणारा कोणता गुडघा पुढे बदलावाच लागेल, हे आधी सांगणं अजूनही अवघड आहे.

डॉक्टरांच्या हाती मुख्यतः आहे ती १९५७ सालची मोजपट्टी. मँचेस्टरच्या केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी एक्स-रे पाहून सांध्याच्या झिजेला शून्य ते चार अशा श्रेणी दिल्या. दोन हाडांमधलं अंतर किती उरलं, कडेला हाडाचे काटे किती वाढले, यावरून श्रेणी ठरते. अडचण अशी, की चौथ्या श्रेणीचा गुडघा घेऊन कुणी जिने चढतो, तर दुसऱ्या श्रेणीवाल्याला रात्री झोप लागत नाही.

ही कोंडी फोडायला माहिती हवी होती, तीही अनेक वर्षांची. ती अमेरिकेच्या ‘ऑस्टिओआर्थ्रायटिस इनिशिएटिव्ह’ने जमवली. २००४ ते २००६ या काळात ४५ ते ७९ वयाच्या ४,७९६ जणांची नोंदणी झाली. त्यांचे एक्स-रे, एमआरआय आणि दुखण्याच्या नोंदी पुढे वर्षानुवर्षं घेतल्या गेल्या. कुणी गुडघा बदलून घेतला, कुणी नाही, हेही टिपलं गेलं. हा सगळा साठा जगभरच्या संशोधकांना खुला आहे.

त्यातल्या ७२८ जणांच्या एक्स-रेंवर न्यूयॉर्क विद्यापीठातल्या गटाने संगणकाला शिकवलं आणि २०२० मध्ये निष्कर्ष मांडले. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकाची जोडी त्याच वयाच्या, तशाच बांध्याच्या, पण शस्त्रक्रिया न झालेल्या व्यक्तीशी लावली होती. म्हणजे वय आणि वजन पाहून अंदाज ठोकायची सोयच नव्हती. एक शस्त्रक्रिया झालेला आणि एक न झालेला असे दोघे समोर ठेवले, तर नऊ वर्षांच्या आत गुडघा कोण बदलणार हे संगणक शंभरातून सुमारे ८७ वेळा बरोबर ओळखत होता. जुनी श्रेणी ७४ वेळा. फरक मोठा आहे.

पण संगणक नेमकं काय ओळखत होता? ‘गुडघा बदलला’ ही नोंद म्हणजे झिजेचं माप नव्हे, तो माणसाने घेतलेला निर्णय असतो. त्यात कूर्चेइतकाच विमा, भीती, घरात सेवा करायला कोण आहे, सर्जन काय म्हणाला, हे सारं येतं. ज्याला परवडलं नाही तो या हिशेबात ‘गरज नसलेला’ ठरतो. मला या सगळ्या संशोधनातली हीच सर्वांत ठिसूळ जागा वाटते.

म्हणूनच एमा पियर्सन, झियाद ओबरमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २०२१ चं काम महत्त्वाचं. त्यांनी शस्त्रक्रिया बाजूला ठेवून संगणकाला एक्स-रेवरून थेट वेदना ओळखायला शिकवलं. कृष्णवर्णीय रुग्ण जास्त दुखतं म्हणत, आणि त्यातली बरीचशी तफावत एक्स-रेत सापडत नसल्याने तिचं खापर मनःस्थितीवर किंवा परिस्थितीवर फुटे. जुन्या श्रेणीतून या तफावतीचा फक्त ९ टक्के उलगडा होत होता, नव्या पद्धतीने ४३ टक्के झाला. खुणा गुडघ्यातच होत्या. गोऱ्या ब्रिटिशांचे एक्स-रे पाहून बेतलेल्या मोजपट्टीत त्यांना जागा नव्हती, इतकंच.

‘ऑस्टिओआर्थ्रायटिस इनिशिएटिव्ह’च्या साठ्यात आशियाई वंशाचे लोक मोजकेच आहेत. मांडी घालून जेवणाऱ्या, उकिडवं बसून भात लावणाऱ्या माणसाच्या गुडघ्याला त्यातलं भाकीत किती लागू पडेल, हे इथले एक्स-रे तपासल्याशिवाय ठरणार नाही.

आणि इथले निर्णयही इथल्या खर्चावर ठरतात. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची सरासरी किंमत १ लाख ५८ हजारांवरून कर वगळता ५४,७२० रुपयांवर आली. त्या आठवड्यात कुणाचीही कूर्चा बदलली नव्हती, पण आदल्या महिन्यापर्यंतच्या नोंदींवर शिकलेल्या संगणकाचा हिशेब मात्र चुकायला लागला असता.